वरचं आणि धुण्याचं

गावात धूर मोजायला कुणी आलं की आमच्याकडे लोक आधी मेंढ्या लपवतात. हसू नका. आमच्या बोलीत घराला धूरच म्हणतात. आमच्या किझिल-जार गावात घरं किती असं कुणी विचारत नाही, धूर किती असं विचारतात, आणि कर बसला तो पणजोबांच्या काळापासून धुरावरच बसला. त्यामुळे कचेरीतला झिरगल पहिल्या बर्फाच्या सुमारास गल्लीत आला आणि घोड्यावरूनच ओरडला, की शहरातून पथक येतंय, घराघरातला धूर मोजणार आहे, तेव्हा दिवस मावळायच्या आत निम्म्या गावाची मेंढरं वरच्या घळीत गेली होती. माझीही गेली. झिरगलची तर सगळ्यात आधी गेली असं ऐकलं.

त्या पथकाचं सांगते. पण त्याआधी माझी एक अडचण आहे, ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझ्या सासऱ्यांचं नाव मी घेत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून घेतलेलं नाही, आणि माझी धाकटी जाऊ आयझिरेक, तिनंही नाही. आमच्यात सून नाव तर घेत नाहीच, पण नावात जे शब्द असतील तेही तोंडातून काढत नाही. कुणाच्या सासऱ्याच्या नावात दगड असला, तर ती बाई मरेपर्यंत दगडाला 'टणक' म्हणते. दगडाचं एक वेळ चालतं, रोज कुठं लागतो. आमच्या सासऱ्यांचं नाव तसं कुणा जुन्या पुण्यवान माणसाचं. जोडून म्हटलं तर नुसतं नाव, पण तोडून म्हटलं की त्याचे दोन तुकडे पडतात. पहिला तुकडा म्हणजे माणूस नाकानं आत घेतो आणि बाहेर सोडतो ते. दुसरा तुकडा म्हणजे कपडे धुताना पाण्यात उतरतं ते. पहिल्याला आमच्या घरात 'वरचं' म्हणतात आणि दुसऱ्याला 'धुण्याचं'. माझ्या सासूनं ठरवून दिलेले शब्द आहेत हे. तीही नवऱ्याचं नाव न घेताच गेली.

आमची दोन घरं, मध्ये एक अंगण. रीतीप्रमाणे सासरे धाकट्याच्या घरात राहतात. धाकटा मॉस्कोला बांधकामावर, म्हणजे त्या घरात माणसं तीन: सासरे, आयझिरेक आणि तिची पोर सादात. माझे हे हिवाळाभर मेंढरांबरोबर दूरच्या गोठणावर असतात, त्यामुळे दोन्ही घरचं पाणी, कोळसा, गाई, सगळं आम्हा दोघींवर. वसंतात मेंढवाड्यातली तुडवून घट्ट झालेली लेंड्यांची लादी फावड्यानं चौकोनी कापायची, उन्हाळाभर वाळवायची, हिवाळ्यात जाळायची. वर कोळसा. हातोड्यानं फोडून फोडून आयझिरेकच्या अंगठ्याचं नख कायमचं काळं झालंय. पोरगी कामाला वाईट नाही. पण गप्प असते, आणि गप्प माणसावर माझा विश्वास बसत नाही.

त्यांच्या घरातली चूल सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं बांधलेली, भिंतीत, विटांची, छातीएवढी उंच. धुराड्यात लोखंडी झडप. निखारा लाल झाला की सासरे उठायचे आणि झडप आत ढकलायचे. ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही हा त्यांचा नेम. ते निजले की आयझिरेक हळूच उठून झडप बोटभर ओढून ठेवायची. हे मला ठाऊक होतं, कारण भिंत एक आहे आणि झडप कुरकुरते. सादात तीन वर्षांची. चूल पेटली की खोकला सुरू, चूल विझेपर्यंत. झोपेत तिच्या छातीतून उकळत्या किटलीसारखा आवाज यायचा. सकाळी उठल्यावर मीही खोकते, पण ते वयाचं आहे.

पथक म्हणजे एक मुलगी निघाली, बेगायिम नावाची. शहरातले बूट, हातात फोन, पाठीवर पिशवी, बरोबर झिरगल. मी तेव्हा आयझिरेककडेच होते. मुद्दामच होते. मुलीनं उंबऱ्यात रोटीचा तुकडा मोडून तोंडात घातला, एवढं शिकवलेलं होतं कुणीतरी. पण बोलायला लागली आणि कळलं, शाळेत शिकलेली भाषा आहे, घरातली नव्हे.

सासरे दारासमोरच्या मानाच्या जागी बसले होते. मुलीनं त्यांना सगळं नीट सांगितलं. सरकारचं नवीन धोरण आहे, ज्या घरात जास्त त्रास त्या घराला नवी चूल, फुकट. धूर पुरता बाहेर नेणारी, कोळसा कमी खाणारी. फुकट म्हटल्याबरोबर सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी त्यांच्याकडे. फुकट काय असतं ते आम्ही दोघांनीही बघितलेलं आहे.

"धाकटीला विचारा," ते म्हणाले. "चुलीपाशी तीच असते."

मग मुलीनं आयझिरेकला विचारलं, की घरातलं वरचं कसं असतं. अर्थात ती 'वरचं' म्हणाली नाही, सरळ खरा शब्द म्हणाली, आणि पुढं दोन उत्तरंही दिली निवडायला: स्वच्छ, की दुसरा तुकडा. झालं. सासऱ्यांच्या तोंडावर, दोन्ही तुकडे एकामागून एक. झिरगल खिडकीबाहेर बघायला लागला. आयझिरेकचे कान लाल झाले. ती किटलीचं झाकण उघडून परत लावत राहिली.

"वरचं ना," ती शेवटी म्हणाली, "वरचं धुण्याचं झालंय."

मुलीनं मान वर केली. छत पांढरंशुभ्र होतं. शरदात पाहुणे येऊन गेले होते, त्यासाठी आयझिरेकनं चुना मारलेला. "अगबाई, छान धुतलंय की," मुलगी म्हणाली आणि फोनवर बोट दाबलं. मी मध्ये पडले. म्हटलं, तसं नाही गं बाई, वरचं म्हणजे, आणि नाकानं दोनदा ओढून दाखवलं. तिला वाटलं मला सर्दी आहे, तिनं मला रुमाल दिला. याच्यापुढं सासऱ्यांच्या समोर मी तरी काय सांगणार होते.

जाताना तिनं दोन्ही घरांत एकेक पांढरी डबी ठेवली, साबणाच्या वडीएवढी. पुढे छोटा दिवा. महिनाभर चुलीच्या खोलीतच राहू द्या म्हणाली. आयझिरेक तिला फाटकापर्यंत सोडायला गेली आणि तिथं बराच वेळ उभी राहिली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. मी ते मनात ठेवून दिलं.

डबीचा दिवा संध्याकाळी चूल पेटली तसा तांबडा झाला आणि तांबडाच राहिला. सासऱ्यांनी तिच्याकडं पाठ केली, मग तोंड केलं, मग परत पाठ केली. दुसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाले, "थोरले, ही तांबडा डोळा करून बघतीय. कुणाला दाखवतीय?" मलाही तेच वाटत होतं. खोटं कशाला बोलू, मी माझी डबी पहिल्याच रात्री खिडकीच्या फटीत बसवली होती, जिथून वारा शिरतो, आणि ती हिरवी होऊन गप पडली होती. मी त्यांना तसं सांगितलं. मग त्यांनी आयझिरेकला डबी पडवीत न्यायला सांगितली. आमची पडवी म्हणजे खोगीर, घोंगड्या आणि टांगलेलं मांस, गोठून लाकूड झालेलं. तिथं ठेवल्याबरोबर दिवा हिरवा.

आयझिरेक डबीपाशी उभी राहिली होती. सासऱ्यांना आम्ही दोघी 'अता' म्हणतो, म्हणजे बाबा. "अता," ती म्हणाली, "ती बाई चुलीच्या खोलीत ठेवा म्हणाली होती."

"तिथं तिला बरं वाटत नाही, दिसत नाही का तुला?"

आयझिरेकनं आत बघितलं. आत सादात खोकत होती.

त्याच दिवसांत एक बातमी पसरली, की झिरगलचा मेहुणा मुद्दाम ओल्या गोवऱ्या जाळतोय, डबी तांबडी व्हावी म्हणून. मग आणखी दोघं जाळायला लागले. नव्या चुली मोजक्याच आहेत असं कळलं होतं. गावात खोकला वाढला आणि कुणी कुणाला नीट सलाम करेना.

महिना झाला तसं मुलगी परत आली आणि क्लबात सभा भरली. पुढच्या बाकावर म्हातारे, मागे आम्ही बाया, भिंतीला टेकून पोरंटोरं. मुलीनं एकेका घराचं नाव घेऊन सांगायला सुरुवात केली. ज्यांच्या डब्या तांबड्या त्यांना चूल. झिरगलच्या मेहुण्याला चूल मिळाली. कुणालाच नवल वाटलं नाही. मग ती हसून म्हणाली, की आता गावातलं सगळ्यात चांगलं घर, आणि तिनं आमच्या सासऱ्यांचं नाव घेतलं. पूर्ण, मोठ्यानं. आणि श्वास न घेता पुढं म्हणाली, की यांच्या घरातलं, आणि मग तेच नाव दोन तुकडे करून, 'नाही' म्हणाली.

आधी एक पोरगं फिसकन हसलं. मग भिंतीकडची सगळी, आणि मग अख्खा क्लब. कुणीतरी मागून ओरडलं, की नाही कसं, ते बघा की पुढच्या बाकावर बसलंय. मुलीला काय झालं तेच कळेना. ती कागद उलटसुलट करून बघत राहिली. सासरे उठले. डोक्यावर उंच कलपाक टोपी नीट बसवली आणि दोन बाकांच्या मधून, लोकांच्या गुडघ्यांना धक्के लागत, बाहेर निघाले. त्यांची काठी बाकाखालीच राहिली. ती मी उचलली. मला त्या पोरांची चामडी सोलावीशी वाटत होती.

घरी आल्यावर त्यांनी आम्हा दोघींना उभं केलं.

"माझं नाव तोडून त्या पोरीच्या हातात कुणी दिलं?"

मी नाही म्हणाले. आयझिरेक काहीच म्हणाली नाही. ती फाटकापाशी बराच वेळ उभी होती हे मला आठवलं, आणि माझ्या तोंडावर ते दिसलं असणार, कारण सासऱ्यांनी माझ्याकडे बघून मग तिच्याकडे बघितलं. त्या दिवसापासून ते तिच्या हातचा चहा घेईनात. मी माझ्या घरून न्यायचे.

चूलही त्यांनी स्वतःकडे घेतली. कोळसा तेच घालणार, झडप तेच लावणार. आणि निजायचं अंथरुण सरकवून थेट चुलीला पाठ लावून. आता आयझिरेकला झडपेला हात लावायचा तर त्यांच्या अंगावरून जावं लागलं असतं. थंडीही अशी होती की बादलीतलं पाणी विहिरीपासून घरापर्यंत येताना कडेनं गोठायचं. सादातचे ओठ निळसर दिसायला लागले. नर्सनं औषध दिलं. औषधानं ती झोपायची, झोपेत खोकायची.

मुलगी जाताना प्रत्येक घराला एक मोठा कागद देऊन गेली होती, चित्रांचा. काय करावं, काय करू नये. माझा कागद मी लोण्याच्या डब्याला आतून लावला, जाड होता, छान होता. आयझिरेकनं तिचा खिळ्याला अडकवला होता. त्यात झडपेचं चित्र होतं आणि त्यावर फुली होती. एक दिवस गाईची धार काढताना ती मला म्हणाली, "जाऊबाई, तो कागद तुम्ही अतांना वाचून दाखवा ना. त्यांना चष्म्यानंही दिसत नाही. माझं ते ऐकणार नाहीत."

"मी? आणि पहिली ओळ?"

पहिल्या ओळीत, हातभर मोठ्या अक्षरांत, तेच दोन शब्द होते.

"पहिली ओळ सोडून वाचा."

"आणि चौथी? आणि सातवी? पाखडून वाचू काय?"

ती गाईच्या पोटाला कपाळ लावून बसली. मग तिनं एकटीनंच एकदा धीर केला. त्यांना म्हणाली, झडप थोडी उघडी ठेवायची म्हणतात, निखारा काळा पडेपर्यंत. कोण म्हणतात, त्यांनी विचारलं, ती शहरातली पोरगीच का? आणि झडप टाळीसारखा आवाज करत आत ढकलली. शेजारपाजारच्या कुणाला वाचायला बोलवावं, तर क्लबातलं हसणं अजून गल्लीत ताजं होतं. कुणाला बोलावणार.

त्यानंतरची ती सकाळ. वारा खालून वर सुटला होता आणि बर्फ आडवा येत होता. अशा वाऱ्यात धुराड्याचा धूर वर चढत नाही. आयझिरेक गोठ्यात होती. रात्री एक गाय आडवी झाली होती आणि तिला उठवता उठवता आयझिरेकला उशीर लागला. मी अंगणातून राखेची बादली घेऊन चालले होते. सहज वर बघितलं तर त्यांच्या घराला धूर नव्हता. उजाडून इतका वेळ झाला आणि धूर नाही. आमच्यात कुणाला शाप द्यायचा असला तर तुझा धूर न दिसो म्हणतात. मी बादली तिथंच टाकली.

मी हाक मारायच्या आत आयझिरेक गोठ्यातून येताना मला दिसली, हातात दुधाची चरवी. दार उघडून ती आत गेली आणि चरवी पडल्याचा आवाज आला. मी पोचले तर ती सादातला काखेत धरून बाहेर येत होती. पोरीची मान लटकत होती. तिनं पोर माझ्या हातात कोंबली, बर्फात उतरवा म्हणाली, तोंड उघडं ठेवा, आणि परत आत गेली. पोरीच्या गालाला बर्फ चोळला. क्षणभर काहीच नाही. मग ती ओकली आणि रडायला लागली. इतकं गोड रडणं मी जन्मात ऐकलं नाही.

तिला घोंगडीत गुंडाळून गोठ्याच्या दारात गवतावर ठेवलं आणि कोळसा फोडायचा हातोडा घेऊन खिडकीकडे धावले. बर्फानं गोठून तावदान चौकटीला चिकटलं होतं. फोडलं. आत वास असा काही नव्हताच, तीच तर लबाडी असते कोळशाच्या विषाची. चुलीत कोळसा भरलेला, निखारा लाल, झडप पुरती बंद. नातीला खोकला जास्त म्हणून त्यांनी पहाटे उठून जास्तीचा कोळसा घातला होता आणि ऊब पळू नये म्हणून झडप घट्ट लावली होती. हे त्यांनी नंतर सांगितलं. सासरे चुलीला पाठ लावून आडवे होते, तोंड लालबुंद, जणू काही चांगलं जेवून झोपलेत. अंगानं धिप्पाड माणूस. आयझिरेक त्यांचे खांदे धरून ओढत होती आणि ते तसूभर हलत नव्हते. "अता," ती म्हणत होती, "अता, उठा. अता." तिचेही पाय लटपटत होते.

मग तिनं त्यांचं नाव घेतलं.

सबंध घेतलं. आधी हळू, मग त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, मग घसा फाटेल इतक्या जोरानं, परत परत, जशी एखादी बाई कुंपणावरून पोराला हाक मारते तशी. फुटलेल्या खिडकीतून ते अंगणात आलं, गल्लीत गेलं. मी हातात हातोडा घेऊन तशीच उभी. तिला जीव वाचवायचा होता की इतक्या दिवसांचं सगळं बाहेर काढायचं होतं, अल्लाला ठाऊक. मला दोन्हीचा संशय आला आणि अजून आहे.

त्यांचे डोळे उघडले. "ओ," म्हणाले. "आलो." आणि हात टेकून उठायला लागले.

तेवढ्यावर आम्ही दोघींनी त्यांना शिर्दाकवर लोळवून, त्या गालिच्यासकट ओढत पडवीतून बाहेर काढलं. नर्स आली, तिनं दोघांनाही गाडीत घालून तालुक्याला नेलं. चार दिवसांनी परत आले तेव्हा सासऱ्यांच्या हाताला थरथर होती आणि सादात नर्सनं दिलेलं बिस्किट सोडायला तयार नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पोरीची छाती अशीच धुरात राहिली तर पुढचा हिवाळा तिला जड जाईल. सरळ सांगितलं, आयझिरेकला बाजूला न घेता, सासऱ्यांच्या देखत.

मला वाटलं आता घरात मोठं काहीतरी होणार. सुनेनं नाव घेतलं, तेही गल्लीला ऐकू जाईल असं. दोन दिवस ते काही बोलले नाहीत. तिच्या हातचा चहा मात्र घेतला. तिसऱ्या दिवशी खिळ्याकडे बोट करून म्हणाले, "धाकटे, तो कागद काढ. वाच."

आयझिरेकनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नको म्हटलं.

"वरून वाच," ते म्हणाले.

तिनं वरून वाचलं. पहिली ओळ, चौथी, सातवी, सगळ्या. एकही शब्द तिनं बाजूला टाकला नाही. मी डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडात धरून बसले होते. झडपेच्या चित्राशी ती आली तेव्हा त्यांनी विचारलं, हे त्या दिवसापासून इथं टांगलेलं होतं का. होतं, ती म्हणाली. "आणि तुम्ही दोघी साक्षर आहात." त्यांचा आवाज चढला नव्हता. "माझ्या नावापायी माझी नात गेली असती, आणि लोक म्हणाले असते, सुना मोठ्या रीतीच्या." मग बराच वेळ ते मिशी चावत बसले. "मला वाटलं आईच हाक मारतीय," ते म्हणाले. "कोकरं आत घ्यायला. ती गेल्यापासून अशी नुसत्या नावानं कुणी हाक मारलीच नाही बघ. सगळे अता म्हणतात, नाहीतर पांढरी दाढी म्हणून अक्साकाल म्हणतात. मी कशाला उठतो त्याला." आयझिरेक कागदाची घडी घालायला लागली आणि तिला ती नीट घालता येईना.

वसंतात चिखल झाला तेव्हा ती मुलगी, बेगायिम, परत आली. राहिलेल्या घरांसाठी थोड्या चुली आल्या होत्या, आणि या वेळी डबी नव्हती, नुसतं विचारून आणि चूल डोळ्यांनी बघून ठरवायचं होतं. गाव आणखीच बिथरलं. पहिल्यांदा फुकट दिलं ते समजलं, दुसऱ्यांदा फुकट? नक्की काहीतरी आहे. बायांनी दारं लावली. मग आमचे सासरे काठी घेऊन तिच्याबरोबर निघाले, दारोदार. त्यांना बघून कुणाला दार लावता येईना.

स्वतःच्या घरी काय झालं ते मला आयझिरेकनं सांगितलं. मुलीनं विचारलं, घरातल्या मोठ्या माणसाचं नाव. त्यांनी सांगितलं. मग तिनं विचारलं, घरातलं वरचं कसं आहे. ते म्हणाले, "आत्ताच तर सांगितलं." मुलगी आधी बावरली. मग तिला कळलं. क्लबातलंही सगळं तेव्हाच कळलं तिला, ती मानेपर्यंत लाल झाली आणि माफी मागायला लागली. ते म्हणाले, लिही, लिही, पुढं चल. फाटकापाशी त्या दिवशी काय बोलली होतीस, असं मी आयझिरेकला तेव्हा विचारून घेतलं. पोरीच्या खोकल्याला काय देऊ, असं विचारलं होतं म्हणाली. असेलही.

मग दोघं माझ्या घरी आली, मागून आयझिरेक सादातला कडेवर घेऊन. मी चहा ठेवला, पिठाचे बोरसोक तळलेले ठेवले. माझ्या चुलीनं छत काळं केलेलं होतं आणि मी चुना मारलेला नव्हता. पण मी ठरवलं होतं. आज चूल देतील, उद्या तिच्या नावानं काहीतरी मागतील. शिवाय पहिल्या वेळी डबी हिरवी करून मीच सांगितलं होतं, स्वच्छ आहे म्हणून. आता शब्द कसा फिरवायचा. मुलीनं विचारलं. मला खोकल्याची उबळ आली, ती मी चहाबरोबर गिळली.

"वरचं चांगलं आहे," मी म्हणाले.

"थोरले," सासरे म्हणाले. ते मानाच्या जागी बसून छताकडे बघत होते. "रोज सकाळी भिंतीपलीकडून मी ऐकतो तुझं."

"ते वयाचं आहे, अता."

"डॉक्टर वयाचंच म्हणतील, तू गेल्यावर."

मुलगी फोन धरून बसली होती. आयझिरेक दारात उभी होती आणि हसत नव्हती, नाहीतर मी तिला बघून घेतलं असतं. सादात बोरसोक खात होती, नाकानं मोकळा श्वास घेत.

"वरचं धुण्याचं झालंय," मी म्हणाले.

"तिला कळत नाही ते. तिच्या भाषेत सांग."

"माझी जीभ वळत नाही, अता."

"वळव."

मी पेल्यात बघितलं. माझी सासू आठवली, या दोन शब्दांना चुकवत चुकवत तिनं कसा जन्म काढला, आणि शेवटच्या हिवाळ्यात तीही खोकत होती, तेव्हाही आम्ही वयाचंच म्हणालो होतो. माझे कान पेटले. मी पेला खाली ठेवला, खाली बघूनच.

"अबा किर," मी म्हणाले.

मग म्हाताऱ्यानं सवयीनं मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"काय गं?" ते म्हणाले.